देवळीचं माप

वर्ध्याच्या एसटी स्टँडवर त्या दिवशी माझ्या मांडीवर बरणी होती आणि नाकाच्या शेंड्यावर राग. बरणी चिनी मातीची, मायच्या कैरीच्या लोणच्यानं गळ्यापर्यंत भरलेली. राग पवनारच्या बसच्या कंडक्टरवर.

"लगेज काढा लागन, बाई. वजन जास्त हाय."

"तुमी तोललं का?"

"तोलायचं काय त्यात? दिसते ना."

"दिसते त लोणचं दिसते. वजन कसं दिसन?"

मागच्या सीटवरून कुणीतरी हसलं. मग एक हात पुढं आला, त्यानं बरणीच्या कानाला धरून तिला वीतभर उचललं आणि पुन्हा अलगद माझ्या मांडीवर ठेवलं. "सात किलो," तो हातवाला म्हणाला. "बरणीसकट. जाऊ द्या मामा, लगेजात नाई बसत." कंडक्टर त्याला ओळखत असावा. त्यानं मान हलवली आणि घंटी मारली.

माझी सुटका झाली होती. पण कुणी आपल्या मांडीवरची बरणी न विचारता उचलावी, आणि वर तिचं वजन भर बसमध्ये जाहीर करावं, हे मला मुळीच रुचलं नाही. मी मागं वळून म्हटलं, "सात किलो नाई. चार मापं हाय."

"चार मापं म्हणजे किती?"

"म्हणजे चार मापं."

तो पुन्हा हसला. सावळा, किडकिडीत, आणि मे महिना असूनही केसांत कापसाचा पुंजका अडकलेला. कापूस खरेदीच्या काट्यावर कामाला आहे, असं त्यानं आपणहून सांगितलं. "सकाळपासून काट्यापाशीच उभा राह्यतो. आता काईबी पाह्यलं की आधी त्याचं वजनच दिसते."

"मग माह्यं किती?" माझ्या तोंडून निघून गेलं... आणि कान तापले.

त्यानं माझ्या डोळ्यांकडं पाहिलं. फक्त डोळ्यांकडं, खाली कुठंही नाही. "राहू द्या," तो म्हणाला, "भर बसमंधी सांगणं बरं नाई." मग पवनार येईस्तोवर मी खिडकीबाहेरच बघत राहिले, बाहेर काळ्या नांगरलेल्या वावरांखेरीज काही नसताना.

आता मी पवनारला बरणी घेऊन का निघाले होते, ते सांगते. वर्ध्याला मुलींचं एक वसतिगृह होतं. तिथल्या अधीक्षिका सुमित्राबाई एका लग्नात माझ्या मायच्या हातचं लोणचं खाऊन गेल्या आणि दुसऱ्याच आठवड्यात आमच्या देवळीच्या महिला मंडळाच्या दारात उभ्या राहिल्या. वर्षभराचं लोणचं पाहिजे, म्हणाल्या. साऱ्या पोरींना पुरेल एवढं. आमच्याच्यानं तेवढं एका हंगामात होण्यासारखं नव्हतं, म्हणून निम्मं काम पवनारच्या बायकांना द्यायचं ठरलं. सुमित्राबाईंची एकच अट होती. कुठल्याही गावची बरणी उघडली तरी चव एकच लागली पाहिजे, नाहीतर पुढच्या वर्षी बाजारातलं आणू.

"एकच लागन," मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं. "माह्यी जबाबदारी."

वीस वर्षांची होते, मॅट्रिक झालेली, आणि मायचा अभिमान माझ्या अंगात मावत नव्हता. बरण्यांवर चिठ्ठी लागणार होती, 'आनंदाबाईचं लोणचं, देवळी'. रेशनकार्ड सोडलं तर माझ्या मायचं नाव त्याआधी कुठंही लिहिलं गेलं नव्हतं. तिला वाचता येत नव्हतं. पण चिठ्ठीचा नमुना मी तिला दाखवला तेव्हा तिनं तो हातात धरून ठेवला, आणि चुलीवरचं दूध उतू गेलं तरी तिचं लक्ष नव्हतं. ते नाव कोणत्याही परिस्थितीत खराब होऊ द्यायचं नव्हतं.

निघताना मी पिशवीत आमचं पितळेचं माप टाकलं होतं. मायनं ते बाहेर काढून ठेवलं. "लोकाईच्या घरी आपलं माप नेते का कोणी? त्याईच्या मापावर भरोसा नाई, असं होते थे." आमच्याकडं ती रीतच होती. आपलं माप घेऊन दुसऱ्याच्या दारात माणूस जातो ते भांडायला. तेव्हा मी बरणी तेवढी घेतली आणि निघाले.

पवनारला उतरले तर तोही उतरला. "द्या, मी धरतो," म्हणून त्यानं बरणी घेतली. पवनारच्या मंडळाच्या प्रमुख मनकर्णाबाई, त्यांचं घर विचारलं तर तो पुढं चालायला लागला. गल्लीच्या टोकाला एका शेणानं सारवलेल्या ओट्यावर बरणी टेकवून तो म्हणाला, "हे मनकर्णाबाईचं घर. अन् मी तिचा दिवाकर."

मनकर्णाबाई उंच, ताठ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. त्यांनी एक फोड जिभेवर ठेवली, डोळे मिटले, आणि बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "हं. बरं हाय." पुढं मला कळलं की त्यांच्या तोंडून एवढी स्तुती गावात कुणीच ऐकली नव्हती. मंडळाच्या बायका गोळा झाल्या. मी ऐटीत सांगायला लागले. "शंभर कैऱ्याईले मीठ दोन मापं. मोहरीची डाळ दोन मापं. तिखट एक माप. मेथी, हिंग—"

"माप म्हणजे किती?" दारातून दिवाकर म्हणाला. "आई, एकदा तोलून घेऊ ना."

"आपल्या घरी माप नाई का?" मनकर्णाबाई कडाडल्या. "त्या पोरीले काय वाटन?"

"माप म्हणजे माप," मीही म्हटलं, अगदी त्यांच्याच सुरात. आम्ही दोघींनी एकमेकींकडं पाहिलं आणि दोघींनाही बरं वाटलं.

दिवाकरनं हात जोडले. "दोघी एकीकडं झाल्या. आता काटा काय करते बिचारा."

परतीच्या बसपर्यंत तो सोडायला आला. धाम नदीच्या बाजूनं जरा गार वारा येत होता. "तुमचं नाव कोकिळा कोणं ठेवलं?" त्यानं विचारलं.

"काऊन? वाईट हाय का?"

"नाव चांगलं हाय. आवाज... बसच्या भोंग्याचा हाय."

मी पिशवी उगारली. तो मागं सरला, हसला, आणि माझी बस वळेपर्यंत तिथंच उभा राहिला. मी मागं वळून बघितलं नाही. म्हणजे एकदाच बघितलं.

मग मृग लागला, पेरण्या सुरू झाल्या, आणि आमच्या देवळीच्या बरण्या तोंडाला फडक्याचे दादरे बांधून तयार झाल्या. एका दुपारी मी अंगणातल्या चारपाईवर वाती वळत बसले होते, तर दिवाकर दारात. एका हातात लहानसा डबा, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी. माझ्या हातातली वात उलटी वळली गेली.

"एवढ्या दूर काऊन?" मी विचारलं.

"काकूले एक फोड चाखवायची होती," तो म्हणाला. पण डोळ्यांत नेहमीचं हसू नव्हतं.

मायनं फोड तोंडात टाकली आणि शांतपणे म्हणाली, "कोकिळे, पाणी दे." लोणचं चाखल्यावर माय कधी पाणी मागत नाही. मी डब्यातली दुसरी फोड उचलली. जीभ भाजल्यासारखी झाली... खारट. नुसतं खारट. तीनशे कैऱ्यांचं लोणचं, आणि बरण्यांवर माझ्या मायचं नाव लागायचं होतं.

"तुमच्या आईनं मीठ जास्त टाकलं," मी म्हणाले. माझा आवाज खरंच बसच्या भोंग्यासारखा निघाला.

"शंभराले दोनच मापं टाकलं. मी तिथंच उभा होतो."

"मग मोजता नाई आलं."

"अन् मापातच फरक असला त?"

"माप म्हणजे—"

"माप म्हणजे माप. ऐकलं हाय ते." त्यानं खाली बसून फडकं सोडलं. आत पितळेचं माप होतं. पवनारचं.

बाबा कोपऱ्यात दोर वळत होते, ते उठून उभे राहिले. मायचा चेहरा उतरला. आपल्या अंगणात दुसऱ्याचं माप येणं म्हणजे काय, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. दिवाकरलाही कळत होतं. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"काकू, भांडायले नाई आलो," तो म्हणाला. "आईले माहीत नाई मी हे आणलं म्हणून. समजलं त मले घरात घेणार नाई ते. पण बरणीवर तुमचं नाव लागणार हाय. तुमचं नाव खराब झालेलं मले चालणार नाई."

मी त्याच्याकडं बघतच राहिले. तोवर माझ्या मायच्या नावाची काळजी मी एकटीच करते असं मला वाटत होतं. त्या क्षणी दिवाकर मला आवडला, अगदी मनापासून आवडला, आणि हातात अर्धवट वळलेली वात होती म्हणून बरं, नाहीतर हाताचं काय करावं ते सुचलं नसतं.

"आपलं माप आण," माय म्हणाली.

मी ते ज्वारीनं काठोकाठ भरलं आणि पवनारच्या मापात ओतलं. ते भरलंच नाही. वर चांगली ओंजळभर जागा उरली. चौघंही त्या रिकाम्या जागेकडं बघत होतो. दोन्ही मापांवर घासून घासून पुसट झालेली तीच वेलबुट्टी होती, उंचीही जवळपास सारखीच. फरक पोटात होता.

"त्याईचं चुकलं," बाबा म्हणाले. "आपलं बरोबर हाय."

"दोन्ही बरोबर हाय, काका. घडवणारा वेगळा."

मला एकदम आठवलं. "मीठ भरताना मावशी हात फिरवतात का?"

"हात?" दिवाकरनं मापावर दोन्ही तळव्यांनी ढीग रचून दाखवला. "शीग लावून भरते आई. सपाट माप भरलं त म्हणते, कंजूषाचं घर." आमच्याकडं माय मिठाच्या मापावरून तळहात फिरवते, वरचं सगळं खाली पाडते. म्हणजे पवनारला माप मोठं, आणि वरून शीगही.

"आता काटाच लागन," मी म्हटलं. हे मीच म्हटलं, याची दिवाकरनं पुढं अनेकदा आठवण करून दिली.

शेजारच्या अण्णाजींच्या दुकानातून मी काटा मागून आणला. तो काटा दिवाकरनं आडव्या दांडीला टांगला, मी पारड्यात ओतत गेले. आमचं सपाट मीठ अकराशे ग्रॅम भरलं. पवनारचं, शिगेसकट, पंधराशे. मग मोहरीची डाळ. मग तिखट. मोहरीचं माप पाऊण किलोला टेकलं, आणि तेच माप तिखटानं भरलं तर पारडं वरच उचललेलं. जेमतेम साडेचारशे ग्रॅम. मी दुसऱ्यांदा भरून पाहिलं. इतकी वर्षं दोन मापं मीठ आणि एक माप तिखट मी एकाच श्वासात म्हणत आले होते.

"वजन काईच नाई," दिवाकर काट्याकडं बघत म्हणाला, "पण तोरा पाहा."

"कोणाबद्दल बोलून राह्यले?"

"तिखटाबद्दल."

काटा स्थिर व्हायला वेळ लागत होता. मधल्या त्या हलत्या काट्याच्या एका बाजूला त्याचा चेहरा होता आणि दुसऱ्या बाजूला माझा, आणि आम्ही दोघंही फारच लक्ष देऊन काटा बघत होतो. मायनं घसा खाकरला. मी पटकन पारडं रिकामं केलं.

मग मी कोळशाच्या तुकड्यानं ओट्यावर हिशेब मांडला. आमचं शंभर कैऱ्यांना बावीसशे ग्रॅम मीठ. त्यांचं तीन किलो. मोहरी आणि तिखटही मोठ्या मापानं, शिगेनं, म्हणजे त्याच मानानं जास्त. मी आकड्यांकडं बघत होते, आणि एकाएकी मला हसू आलं.

"मीठ जास्त नाई पडलं," मी म्हणाले. "कैऱ्या कमी पडल्या. या मसाल्याले शंभराच्या जागी एकशे छत्तीस पाह्यजे होत्या. तीनशे कैऱ्याईचं लोणचं हाय, त आणखी एकशे आठ-दहा कैऱ्या कापून टाकल्या की चव जिथल्या तिथं."

दिवाकर ओट्यावरचे आकडे वाचत होता. त्यानं ते दोनदा वाचले आणि मग माझ्याकडं बघितलं. बसमध्ये बघितलं होतं तसंच, फक्त या वेळी त्याला नजर लवकर काढून घेता आली नाही. "हे मले सुचलं नसतं," तो म्हणाला.

पण कैऱ्या आणायच्या कुठून? बाजारात होत्या त्या पिकायला आलेल्या. कडक, आंबट कैरी एकाच झाडावर उरली होती, आमच्या वावराच्या बांधावरच्या. ते झाड दरवर्षी उशिरा धरतं. मंडळाच्या गडबडीत घरचं लोणचं घालायचं राहूनच गेलं होतं, आणि त्या कैऱ्या मायनं घरासाठी राखून ठेवल्या होत्या.

"तोडा," माय म्हणाली.

"अन् आपण वर्षभर काय खाऊ?" बाबांनी विचारलं.

"चटणी खाऊ. बरणीवर माह्यं नाव हाय."

 बाबा बांबूचा झेला घेऊन दिवाकरबरोबर वावरात गेले आणि दोघांनी मिळून कैऱ्या उतरवल्या. संध्याकाळी माप आमच्याच घरी ठेवून दिवाकर गेला, आणि सकाळी पहिल्या बसनं माय आणि मी पोतं घेऊन निघालो. वर्ध्याला तो वाटच बघत होता. कंडक्टर नेमका तोच. त्यानं पोत्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, दिवाकरकडं पाहिलं, आणि लगेजचा ल देखील न काढता पुढं गेला.

मनकर्णाबाई ओट्यावर ताठ बसल्या होत्या. लोणचं खारट झालंय हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, फक्त कुणी बोलायची हिंमत केली नव्हती. पोतं बघून त्यांचे ओठ घट्ट झाले. "खारट झालं म्हणून आले का?"

"नाई, मावशी," मी म्हटलं. "तुमचं माप मोठं हाय. अन् तुमचा हातबी मोठा. त्या मापाले शंभर कैऱ्या पुरत नाईत, म्हणून आणखी आणल्या."

त्यांनी हे मनात घोळवलं. मग लेकाकडं वळल्या. "अन् माप मोठं हाय हे हिले कसं समजलं? माह्यं माप कालपासून फळीवर नाई."

दिवाकर स्वतःच्या पायांच्या अंगठ्यांकडं बघत उभा राहिला. मीही बघायला लागले. मग माय पुढं झाली. आयुष्यात पहिल्यांदा ती पवनारला आली होती, अनोळखी ओट्यावर उभी होती, आणि तरी तिचा आवाज घरातल्यासारखा होता.

"माह्या घरी हाय," ती म्हणाली. "म्हणजे होतं. पाहुणं आलतं. ज्वारी खाल्ली, मीठ खाल्लं, रात्र राह्यलं. आता परत आणलं." तिनं पिशवीतून पवनारचं माप काढून ओट्यावर ठेवलं. मग पुन्हा हात घातला आणि त्याच्या शेजारी आमचं माप ठेवलं. "अन् हे माह्यं. तुमच्या घरी पाहुणं म्हणून आलं. आता आपण दोघी सारख्या झालो."

मनकर्णाबाईंनी दोन्ही मापं हातात घेऊन आत डोकावून बघितलं. आधी त्यांचे खांदे हलले, मग त्या मोठ्यानं हसल्या, इतक्या की मंडळाच्या बायका आपापल्या दारांतून बाहेर आल्या. "विळे आणा गं," त्या ओरडल्या. "बसल्या काय?"

दुपारपर्यंत कैऱ्या कापून, फोडी फडक्यावर कोरड्या करून झाल्या. तेल वाढवलं, तेही तोलून. माय आणि मनकर्णाबाई एकाच परातीत हात घालून कालवत होत्या आणि कोणाच्या लग्नात भात कमी पडला होता यावर त्यांचं एकमत होत होतं. दिवाकर मला फडकी आणून देत होता. एक फडकं पुरत असताना त्यानं चार आणली, एकेक करून.

आठ-दहा दिवसांनी दोन्ही गावच्या बरण्या वसतिगृहाच्या ओसरीवर रांगेनं लागल्या. सुमित्राबाईंनी झाकणं उघडली. एका बरणीतली फोड चाखली, मग दुसरीतली, मग पुन्हा पहिलीतली. माय पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मी मान ताठ ठेवली.

"यातलं देवळीचं कोणतं?" सुमित्राबाईंनी विचारलं.

"तुमीच सांगा, बाई."

त्यांनी तिसऱ्यांदा चाखलं आणि मान हलवली. "नाही सांगता येत." मायनं पदर सोडला. "पण हे मला लिहून दे," सुमित्राबाई पुढं म्हणाल्या. "मापात नको. किलोत. उद्या मी इथं नसले, तुम्ही नसलात, तरी हेच झालं पाहिजे."

मी कागद घेतला आणि न थांबता लिहिलं. कैऱ्याही मी शेकड्यात लिहिल्या नाहीत, कापलेल्या फोडींचं वजन लिहिलं, कारण कैरीही लहानमोठी असते हे आता मला कुणी सांगायची गरज नव्हती. सुमित्राबाईंनी वाचून चष्मा काढला. "हे कुठं शिकलीस?"

"माह्या मायजवळ," मी म्हणाले. दिवाकर खांबाला टेकून उभा होता, म्हणून पुढं म्हटलं, "अन् थोडं काट्याजवळ."

चिठ्ठ्या मी तिथंच बसून नव्यानं लिहिल्या, 'आनंदाबाई-मनकर्णाबाईचं लोणचं, देवळी-पवनार'. हे मायनंच सांगितलं होतं. मनकर्णाबाईंनी आपलं नाव कुठं आहे ते मला बोट ठेवून दाखवायला लावलं, आणि मग त्या बोटाच्या जागी स्वतःचं बोट ठेवून बराच वेळ बघत राहिल्या.

स्टँडवर दोघी आया शेंगदाणे घेऊन बाकावर बसल्या. पावसाची भुरभुर होती. दिवाकर आणि मी शेडच्या कडेला उभे होतो, मध्ये रिकामी बरणी.

"तुमचं वजन सांगायचं राह्यलं," तो म्हणाला.

"सांगा मग. आता बस नाई."

"बेचाळीस किलो." तो थांबला. "पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं. नाई सांगितलं... सांगून टाकलं असतं त बोलणं तिथंच संपलं असतं. मले ते संपवायचं नवतं. आताबी नाई." त्यानं बरणीच्या झाकणावरचं पाणी तळहातानं पुसलं. "कोकिळा, मले तुह्याशी लग्न करायचं हाय."

तो पहिल्यांदाच मला तू म्हणाला होता. भुरभुर शेडच्या आत येत होती आणि माझ्या चेहऱ्यावर पडत होती, पण मी मागं सरकले नाही. मला आनंद झाला होता, आणि तो लपवावा असं मला वाटलं नाही.

"त्रेचाळीस," मी म्हणाले.

"काय?"

"माह्यं वजन त्रेचाळीस हाय. चुकले तुमी." मग मी म्हटलं, "येईन मी पवनारले. पण माह्यं माप घेऊन येईन."

त्याचं हसू जरा थबकलं. सासरी नवरी भांडी आणते, लुगडी आणते, पण माहेरचं माप? ते कुणीच आणत नाही. "आईले विचारतो," तो म्हणाला.

"विचारू नका. सांगा."

पुढच्या वैशाखात आमचं लग्न झालं. वऱ्हाडाची गाडी पवनारला पोचली तेव्हा ऊन उतरत होतं. मायचं पितळेचं माप माझ्या पेटीत होतं, शालूच्या खाली, सगळ्यांच्या नजरेआड. नव्या नवरीनं सासरच्या उंबऱ्यावर तांदळानं भरलेलं माप उजव्या पायानं ओलांडून घरात यायचं असतं, आणि ते माप सासरचंच असतं. इतके दिवस मी ठाम होते. पण उंबऱ्यापाशी आल्यावर, इतक्या बायकांच्या गर्दीत, माझं पाऊल आपोआप थांबलं. दिवाकरनं घरी सांगितलं होतं की नाही, हे मी त्याला विचारलंच नव्हतं.

खाली बघितलं. उंबरा रिकामा होता.

"थांब," मनकर्णाबाई आतून म्हणाल्या. "माप काढ."

"कोणतं?"

"पेटीतलं. दिवाकर माह्या पोटचा हाय, त्याच्या पोटात काई राह्यत नाई."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. कुणीतरी पेटी उघडली. मनकर्णाबाईंनी मायचं माप दोन्ही हातांत घेतलं, पदरानं पुसलं, आपल्या कणगीतले तांदूळ त्यात ओतले आणि काठाशी आल्यावर थांबल्या नाहीत. वर तळव्यांनी आधार देत ढीग रचत गेल्या, शेवटचा दाणा घरंगळेपर्यंत.

"सपाट भरा ना, आई," मी हळूच म्हटलं. आई म्हणून मी त्यांना हाक मारली ती तेव्हाच पहिली. "आमच्याकडं हात फिरवतात."

"तुमच्याकडं फिरवा," त्या म्हणाल्या, आणि मग गर्दीकडं वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "हे देवळीचं माप हाय. आमच्या मापापेक्षा लहान हाय. पण माह्या घरात हे भरलं जाईन थे शीग लावूनच." त्यांनी ते उंबऱ्यावर ठेवलं आणि बाजूला झाल्या.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते पुसलं नाही, आणि मान खाली घातली नाही. शेजारून दिवाकर कुजबुजला, "किती असन?"

मी मापाकडं नीट बघितलं. तांदूळ, त्याचं पोट, आणि वरचा तो ढीग.

"एक किलो," मी म्हणाले. "शिगेसकट."

"बरोबर," तो म्हणाला.

मग मी उजवा पाय उचलला, मायचं माप अंगठ्यानं अलगद लवंडलं, आणि तांदळांबरोबर आत गेले.